सील न फोडलेला संच

मी एक जुना रेकॉर्डचा संच आहे. जुना असलो तरी कोरा, कारण वर्षानुवर्षं मला कुणी वाजवलंच नाही. मित्रांनो, यात मिरवण्यासारखं काही नाही, पण माझा मालक मिरवायचा.

माझ्या पोटात सहा काळ्या तबकड्या आहेत. एका विक्षिप्त गिटारवाल्याची ही गाणी. तो जिवंत असताना त्याला कुत्रंही विचारत नव्हतं. मेल्यावर मात्र भक्त उगवले, आणि कंपनीनं जुनी गाणी नव्या खोक्यात भरून विकायला काढली. कारखान्यात ऊन ऊन काळ्या गोळ्यावर साचा दाबून आम्हाला घडवलं. मग प्रत्येक तबकडी पाकिटात घालून वर पातळ प्लास्टिक ताणलं आणि गरम हवेनं घट्ट आवळलं. शेवटच्या तबकडीवर त्याच्या एका कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण होतं. ते दुसरीकडे कुठेच मिळत नव्हतं.

मालक दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांचे दात उपटायचे आणि संध्याकाळी माझ्यावरची धूळ पुसायची, हा त्याचा संसार. संग्रह करणाऱ्यांचा एक कायदा असतो: सील फुटलं की संपलं. पाहुणे आले की तो मला दोन्ही हातांवर धरून दाखवायचा. "अजून फोडलेला नाही," म्हणायचा. मलाही तेव्हा फुशारकी वाटायची.

त्याची थोरली बहीण मागच्या खोलीत राहायची. या गिटारवाल्याचं वेड त्याला तिनंच लावलेलं. तरुणपणी ती घरी थाप मारून शेवटच्या तबकडीवरच्या त्याच कार्यक्रमाला गेली होती, पहिल्या रांगेत उभी राहून घसा फुटेस्तोवर ओरडली होती, आणि परत आल्यावर वडिलांचा मारही खाल्ला होता. आता तिचे कान जात होते. डाव्यानं केव्हाच राम म्हटला होता.

"तेवढी शेवटची लाव ना रे," ती म्हणाली. "उजवा कान आहे तोवर. माझं ओरडणं त्यात आलंय का बघू दे."

"ताई, फोडला की मातीमोल होतो गं तो. दुसरी प्रत मिळू दे, ती तुलाच."

"तोवर मी ठार बहिरी झाले तर?"

"काहीतरीच काय बोलतेस!" तो हसला आणि मला कपाटात ठेवून दवाखान्यात गेला.

दुसरी प्रत मिळेना. एका दुपारी ताईनं मला मांडीवर घेतलं, शेवटची तबकडी काढली आणि सीलला नख लावलं. तेवढ्यात तो आला. "हात लावायचा नाही!" तो ओरडला. ते मात्र तिला स्वच्छ ऐकू आलं. त्या दिवसापासून कपाटाला कुलूप लागलं.

मला एक गोष्ट ठाऊक होती. ताणलेलं प्लास्टिक वर्षागणिक आवळत जातं आणि आतली तबकडी वाकवतं. ज्या सीलसाठी त्यानं बहिणीला झिडकारलं, तेच मला पिळत होतं. पण मला तोंड कुठे होतं सांगायला?

ताईचा दुसरा कानही गेला. ती बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून पाहू लागली. तेव्हा कुठे मालकाला पाझर फुटला आणि त्यानं दवाखान्यातल्या सुरीनं सील कापलं. वरातीमागून घोडं! शेवटची तबकडी फिरू लागली. सुई वर चढली, खाली आपटली, उडाली. खर्र, धप्प, खर्र, धप्प. गाण्याचा एक शब्द नाही की सूर नाही. त्यानं पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा तेच.

ताई स्पीकरवर तळवा टेकून बसली होती. तिचा चेहरा उजळला.

"ड्रम वाजतोय ना?" ती मोठ्यानं म्हणाली. "मी ओरडले ते आलं का रे?"

त्यानं तिला ओठ दिसतील असं तोंड वळवलं. "आलं, ताई."

"काय ओरडले मी?"

त्यानं सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली, आणि ती बिचारी मान डोलावत राहिली.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, असं आमच्यापैकी सगळेच सांगतात. मी तसं सांगणार नाही. मला फार जपलं. तुमच्या कपाटात माझ्यासारखा कुणी असेल आणि घरात कुणी तो मागत असेल, तर आजच फोडा त्याला. मागणाऱ्याचे कान शाबूत आहेत तोवर.