एका दिवसाचा ताबा

आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी हौसेराव म्हणजे डोक्याला ताप. भाडेकरू जास्त दिवस राहिला की खोली बळकावतो, हे त्याच्या टाळक्यात पक्कं बसलेलं. म्हणून नेरूळच्या आमच्या बिल्डिंगीत सत्त्याण्णव साली नियम होता: करार अकरा महिन्यांचा, तो संपला की भाडेकरूनं सगळं सामान खाली काढायचं आणि मालकानं दिवसभर रिकाम्या खोलीत बसून ताबा दाखवायचा. संध्याकाळी नवा करार, सामान परत वर. हौसेराव मोरीत वाकून बघणार, आमची बादली तर राहिली नाही ना. मेल्याला दुसरा उद्योग नव्हता.

आमी तिथले भाडेकरू, हा तमाशा आधी दोनदा केला होता. आमचा मालक रामचंद्र कोळी जवळच्या सारसोळे गावचा. यायचा, फरशीवर घोरायचा, जायचा. ह्या वेळी त्याला होडीचं काम निघालं म्हणून त्यानं बायकोला पाठवलं, शांतीताईंना. त्या एरवी कधी आल्या नव्हत्या.

संध्याकाळी माझा नवरा मानसिंग टेंपोपाशी उभा. मार्केटात दिवसभर गोण्या वाहणारा माणूस, पण घरचं कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायचं म्हटलं की कंबर धरतो. रामचंद्र बायकोला न्यायला वर गेला आणि तोंड पाडून खाली आला.

"ती दार उघडत नाय," तो म्हणाला. "बोलते, मी इथंच ऱ्हानार."

माझं डोकंच सटकलं. आमी अकरा-अकरा महिने राहून कधी हक्क सांगितला नाही आणि ह्या बाईंनी एका दिवसात ठाण मांडलं. पोरं टेंपोत गाद्यांवर बसलेली. जायचं कुठं आमी? हौसेराव म्हणाला, हे नियमात बसत नाही. मी म्हटलं, नियम घाला चुलीत, आणि जिना चढले.

"शांतीताई, मी सुनयना. दार उघडा, नाहीतर मोडीन."

मी एकटीच आहे बघून त्यांनी मला आत घेतलं नि कडी परत लावली. मग रिकाम्या खोलीत मधोमध पाय पसरून बसल्या. मी शिव्या जुळवूनच गेले होते.

"सकालपासून बसलेय," त्या म्हणाल्या. "माना कोन 'ऊठ' नाय बोल्ला. लगीन झाल्यापासून पयला दिवस. सासू, दीर, ह्यो, पोरं, कोन ना कोन बोलतंच."

मला वाईट वाटलं, त्यांचं आणि माझंही. मी पण पाय पसरून बसले.

हौसेराव दार बडवायला लागला. "आत चाललंय काय?"

"ताबा," शांतीताई म्हणाल्या.

मग माझ्याकडे वळून हळूच बोलल्या, "तुमीच रावा गो इथं. पोरांना उघड्यावर नाय टाकाची मी. पन ह्यो दिवस दर खेपेला माझा. माझ्या नवऱ्याला नाय बोलवाचा."

"एक कशाला, दोन घ्या," मी म्हटलं. "मी पण येते बसायला. नवरे राहतील टेंपोत."