डब्यातला आवाज

मास्तर पेशाने शिंपी. त्यांची बायको वीस वर्षं रेडिओवर गोष्टी वाचायची. गळ्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज गेला. तेव्हापासून ती पाटीवर लिहून बोलायची. तिच्या साऱ्या गोष्टी मास्तरांनी नॅसवर जपल्या होत्या. नॅस म्हणजे फाइली साठवायचा डबा. आत दोन डिस्क, दोन्हींवर तेच. एक गेली तरी दुसरी असते. दुकान बंद करून घरी आले की मास्तर आतल्या खोलीत गोष्ट लावून बसायचे.

एक डिस्क गेली. मास्तरांनी नवी आणली, पण डब्याने ती घेतलीच नाही. त्याला कंपनीच्या यादीतलीच डिस्क लागायची, आणि तशा आता कुठे मिळत नव्हत्या. त्यांनी मेहुण्याला बोलावलं.

"दाजी, कंपनीने हात वर केलेत," तो म्हणाला. "पण लोकांनीच एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून नेटवर ठेवलीय. ती चालवली की डबा कुठलीही डिस्क घेतो. फक्त आधी जुन्या डिस्कवरचं दुसरीकडे उतरवून घेऊ. तीही थकलीय. उद्या घेऊन येतो सामान."

"उद्या कशाला? आलायस तर आजच लाव."

दाजींपुढे त्याचं कधी चाललं नव्हतं. स्क्रिप्ट चालली. डब्याने नवी डिस्क मुकाट घेतली. जुनीवरचं नवीवर उतरू लागलं. मास्तर गळ्यातली मापाची टेपही न काढता समोर बसले. अर्ध्यावर जुनी डिस्क टकटक वाजू लागली आणि बंद पडली. नवीवर अर्धवट उतरलेलं काहीच उघडेना. मेहुण्याने ती काढून परत परत लावून पाहिली. दुरुस्तीवाल्याने तर उघडून नुसती मान हलवली.

बायकोला सांगताना मास्तरांना रडू आवरेना. तिने पाटी घेतली.

"बरं झालं."

तिने पुसून पुन्हा लिहिलं, "रोज दार लावून तिच्याजवळ बसायचात. मी बाहेर ताट वाढून वाट बघायचे."

"अगं, ती तूच ना?"

तिने मान हलवली. नाही.

मास्तरांना तिचा भयंकर राग आला. चप्पल घालून ते दुकानात निघून गेले.

त्यानंतर दुकान उशिरापर्यंत उघडं राहू लागलं. घरी येऊन ते एकटेच जेवायचे. तोवर ती झोपलेली असायची, निदान डोळे मिटून पडलेली तरी.