डाव्या चाकाचं वजन

"आता रेस नका देऊ, उकंडभाऊ. चाक खालीच चाललं," सोजराबाई बांधावरून म्हणाली.

उकंडरावांनी रेस दिलीच. ट्रॅक्टरचं डावं चाक जागच्या जागी गरगरलं, काळ्या मातीचा चिखल मागच्या ट्रॉलीवर उडाला, आणि उजवं चाक मात्र आपला काही संबंध नसल्यासारखं गप उभं. ट्रॉलीत सोजराबाईच्या सोयाबीनची पोती होती. लोणारच्या बाजूनं आभाळ भरून आलं होतं, मजूर बाया केव्हाच सुलतानपूरच्या वाटेला लागल्या होत्या आणि पोत्यांवर टाकायला ताडपत्री नव्हती. पाऊस आला तर एकट्या बाईचं वर्षाचं पीक भिजणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

उकंडरावांचा सारा जन्म या जमिनीत ट्रॅक्टर चालवण्यात गेलेला. ओल्या काळ्या मातीत चाकाला वरून वजन लागतं आणि खालून धर. ज्या चाकावर भार कमी, ते नुसतं फिरतं आणि इंजिनाचा सगळा जोर तेच खाऊन टाकतं. दोन्ही चाकं बरोबर फिरवणारं एक लॉक असतं, पण ह्या ट्रॅक्टरला त्याचं पेडलच मोडलेलं. सुलतानपूरचा मिस्त्री दयाराम कितीदा म्हणाला, बसवून घ्या. उकंडरावांचं उत्तर ठरलेलं असे.

"काऊन बसवाचं? कोकिळा हाये ना."

कोकिळा म्हणजे त्यांची बायको. डाव्या मडगार्डवर बारदानाची घडी तारेनं बांधून तिनं आपली बैठक केली होती. चिखल आला की उकंडराव मागं न बघता म्हणत, "धरून बसजो वं." आणि ती म्हणे, "बसली मी, चालू द्या तुमचं." तशी काडीसारखी वाळकी बाई. तिच्या वजनानं चाकाला असा कितीसा फरक पडत असेल! पण ती बसली की चाक धरतं, यावर उकंडरावांचा पक्का विश्वास. उन्हाळ्यात काविळीनं ती गेली. बारदान तिथंच राहिलं. त्यावर कुणी बसलेलं त्यांना खपत नसे; एकदा तर नातीलाही त्यांनी खाली उतरवलं होतं.

आजही सोजराबाईनं आधीच विचारलं होतं, "मी बसू का तिथं?" त्यांनी नुसती नकाराची मान हलवली आणि रेस दिली. पोरासोरांना ज्यासाठी शिव्या दिल्या असत्या, तेच त्यांनी स्वतः केलं. चाक जवळजवळ आसापर्यंत रुतलं.

त्यांनी इंजिन बंद केलं. खाली उतरून रुतलेल्या चाकाकडे बघत राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि रागही येत होता, तो नेमका कुणाचा ते कळत नव्हतं.

 सोजराबाईनं बांधावरचा गेल्या सालच्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा ओढत आणला आणि फावडं त्यांच्या हातात दिलं. उकंडरावांनी चाकापुढची माती उपसून उतार केला, तिनं पऱ्हाट्या आत कोंबल्या. मग पदर खोचून ती मडगार्डशी उभी राहिली.

"भाऊ, कोकिळाले मी काई परकी नव्हती. वावरात निंदाले दोघी एकाच ओळीले लागत होतो."

"तसं नाई, सोजरा."

"मंग कसं? माह्या वजनाचं म्हणाल, तर मी एकटी दोन बायांएवढी हाये."

उकंडरावांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ते सीटवर जाऊन बसले. "बस," एवढंच म्हणाले.

ती बारदानावर बसली. त्यांनी पहिला गिअर टाकला, रेस अगदी हळू ठेवली. चाक एकदा घसरलं, पऱ्हाट्या कडाकडा मोडल्या, आणि मग चाकानं धरलं.

"धरून बसजो वं," तोंडातून निघूनच गेलं.

 सोजराबाई दोन्ही हातांनी मडगार्ड धरून समोर बघत होती. पोती घरात पडली तेव्हा पहिले थेंब पत्र्यावर वाजू लागले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव ट्रॅक्टर घेऊन दयारामच्या दुकानासमोर उभे राहिले.

"ते लॉक बसवून दे."

"काऊन? इतके साल तर नको म्हणत व्हते."

"आता लागते."

 दयारामनं पेटीतून पाने काढले. ट्रॅक्टरखाली शिरायचं तर जमीन ओली, म्हणून अंथरायला काहीतरी शोधत त्यानं मडगार्डवरच्या बारदानाची तार सोडायला हात घातला.

"ते राहू दे," उकंडराव म्हणाले. खांद्यावरचा धुतलेला दुपट्टा काढून त्यांनी त्या चिखलात नीट पसरून दिला.