भोंग्याची दोरी

दोरी हातात होती. रोज याच वेळी टिकाराम ती खाली ओढायचा आणि तुमसरच्या तांदूळ गिरणीचा भोंगा वाजायचा. आज हात दोरीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. बॉयलरच्या खोलीच्या दारात भय्याजी मुनीम उभे होते.

"वाजवा ना जी," भय्याजी म्हणाले. "वेळ झाली."

इतक्या वर्षांत भय्याजींनी त्याला कधी 'जी' लावलं नव्हतं. शिवी दिली असती तर टिकाराम इतका घाबरला नसता.

टिकाराम भित्रा माणूस होता आणि ते त्याला स्वतःलाच मान्य होतं. कुत्र्याला भ्यायचा, पोलिसाला भ्यायचा, फोटो काढणाऱ्यालासुद्धा भ्यायचा. सगळ्यात जास्त भ्यायचा तो ज्याच्यावर पोट भरायचं त्या बॉयलरला. भट्टीत भुसा टाकण्याआधी तो रोज बॉयलरच्या दाराला कपाळ लावायचा. माणूस भाविक आहे, असं लोकांना वाटे. भक्ती वगैरे काही नव्हती, 'आजचा दिवस जाऊ दे बाबा' एवढंच मागणं होतं.

आदल्या संध्याकाळी विमलाबाई त्याच्याकडे आली होती. गिरणीत उसना, म्हणजे उकडा, तांदूळ व्हायचा. हौदात भिजलेलं धान वाफवून अंगणात पसरायचं आणि बायांनी दिवसभर पायांनी ते फिरवत राहायचं, असं तिथलं काम. विमलाबाई त्या बायांतली. युनियन उभी राहिली तेव्हा अध्यक्ष कोण, सचिव कोण यावर पुरुषांचं भांडण चाललं होतं, तोवर हिनेच चाळीत घरोघर फिरून माणसं जोडली. उद्यापासून काम बंद आहे, असं तिने टिकारामला सांगितलं. गेटवर येऊन बस, असंही ती म्हणाली नाही. तिला माणूस ओळखता येत होता.

"फक्त भोंगा नोका वाजवू," ती म्हणाली. "भोंगा वाजला का अर्धी चाळ उठून चालाले लागते, टिकाराम भाऊ. डोकं नाई म्हणते, पण पाय आयकत नाईत."

तो बघतो म्हणाला होता. रात्री रुखमिणीने, त्याच्या बायकोने, सरळ विचारलं, काय करणार? त्याने कूस बदलली. मुलीचं, शुभांगीचं, लग्न ठरलं होतं, मांडव याच चाळीसमोर पडायचा होता आणि चाळ गिरणीच्या मालकाची, शेठजींची होती.

भय्याजींच्या मनातही बहुतेक तेच आलं. "पोरीचं लगन आहे ना या साली? खोली तर पायजेनच तुमाले," ते म्हणाले. आवाज अगदी घरच्यासारखा होता.

टिकारामने वर पाहिलं. बॉयलरच्या डोक्यावर सेफ्टी वॉल्व्ह होता आणि त्याच्या दांडीला तारेने बांधलेलं लोखंडी वजन लटकत होतं. तराजूचं, दहा किलोचं. वॉल्व्ह जुना झाला होता, त्यातून वाफ गळायची. नवा घेण्याऐवजी भय्याजींनी वरून वजन लटकवून त्याचं तोंड दाबलं. त्या वजनाने दाब वाढून एकदा नळीचा सांधा सुटला आणि दुसऱ्या पाळीचा गोपीचंद भाजला. जीव वाचला, पण तो आता घराबाहेर पडत नाही. लेबर ऑफिसचा साहेब भंडाऱ्याहून आला तेव्हा शेठजींनी सांगितलं की हा माणूस आमच्या गोंदियाकडच्या गिरणीचा. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हापासून ही सोय झाली होती. इकडचा साहेब आला की माणसं तिकडची आणि तिकडचा आला की इकडची. शेवटी गोपीचंद कुठलाच निघाला नाही. युनियनचं पहिलं मागणं म्हणून ते वजनच होतं: वजन काढा, नवा वॉल्व्ह बसवा. आणि मग माणसांची नावं इथल्या हजेरीवर घ्या.

टिकारामचा हात दोरीवरून खाली आला.  बोलायला गेला असता तर 'हो'च आलं असतं तोंडातून. मान खाली घालून तो भय्याजींच्या बाजूने निघाला आणि गेटबाहेर आला. बाहेर बसलेल्या बायांनी त्याला पाहिलं, विमलाबाईने नुसती मान हलवली. भोंगा वाजला नाही. टिकाराम सगळ्यांच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, भिंतीशी जाऊन बसला.

माणसं थोडी होती. चाळीतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी दारं लावून घेतली होती. टिकारामला त्यांचा राग आला नाही, उलट हेवा वाटला. दाराआड बसून घाबरणं कितीतरी सोयीचं.

उन्हं चढली तशा बाया भिंतीच्या सावलीला सरकल्या आणि पाठ टेकून बसल्या. भिंतीपलीकडे बॉयलरची खोली होती. थोड्या वेळाने धुराड्यातून पुन्हा धूर निघाला. हौदात धान भिजत पडलं होतं, ते तसंच ठेवलं तर आंबून वास मारतं, म्हणून शेठजींनी त्यांच्या ट्रॅक्टरवरच्या अंकुशला भट्टीवर उभं केलं, अशी बातमी वॉचमनने दिली. बाया हसल्या. अंकुशला म्हणे चहासुद्धा नीट उकळता येत नाही.

टिकाराम मात्र हसला नाही. भिंतीला टेकलेल्या पाठीत त्याला बॉयलर कळत होता. आधी गुरगुर होती, ती रोजचीच. मग ती बारीक होत गेली आणि भिंत नुसती थरथरू लागली. अंकुश भुसा टाकतच होता आणि वाफ कुठूनच सुटत नव्हती. वर वजन होतं.

तो उठला. "सरका जी इथून," तो म्हणाला. "तिकडं झाडाखाली बसा. बॉयलर बरोबर नाई."

एकीने म्हटलं, टिकाराम भाऊंना भिंतीचंही भेव लागते वाटते. पुन्हा हशा झाला. त्याने दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा एका हमालाने विचारलं की इथून उठवायला मुनीमाने पाठवलं का? जन्मभर ज्याला त्याला भ्यायल्याचं हे फळ होतं. खरंच भ्यावं असं काही आलं, तर कोणी ऐकेना.

मग टिकाराम गेटकडे निघाला.  पळून जावंसं वाटत होतं आणि रस्ता मोकळा होता. वॉचमनने लगेच फाटक उघडलं. मागून एक बाई थुंकल्याचा आवाज आला. विमलाबाईने त्याला हाक मारली नाही, आणि ते त्याला जास्त लागलं.

खोलीच्या दारातच अंकुश उभा होता, घामाने निथळत. "काका, दाबाचा काटा लालच्या पुढं गेला ना," तो म्हणाला. "का करू आता?"

"भुसा बंद कर. राख लोट भट्टीच्या तोंडात, आग दाब."

वजनाची तार सोडवायला टिकाराम शिडीवर चढला आणि हात लावताच मागे आला. वरचं सगळं लोखंड तापलं होतं, तार तर मांसात रुतावी तशी ताणली होती. वाफेला दुसरी वाट एकच होती, भोंग्याची. त्याने दोरीकडे पाहिलं. सकाळी जी ओढली नाही, तीच.

ओढली तर सारं तुमसर ऐकेल. युनियन मोडली, टिकारामने मोडली, असंच ऐकेल. त्याला रडू आलं. त्याने दोन्ही हातांनी दोरी धरली आणि अंगाचा भार टाकून ओढली.

भोंगा वाजला. रोजचा भोंगा दमदार आणि आखूड असायचा, हा थांबेचना. भोंग्याच्या सांध्यातून उकळतं पाणी दोरीवरून ओघळून टिकारामच्या हातावर येऊ लागलं. तो ओरडला, पण त्या आवाजात त्याचं ओरडणं त्यालाही ऐकू आलं नाही. गोपीचंदचा चेहरा डोळ्यांपुढे आला. दोरी सोडावी असं हात म्हणत होते, आणि भिंतीपलीकडे बाया पाठ टेकून बसल्या होत्या. काटा लालवरून हलला, रेंगाळला, पुन्हा हलला. तो चांगला खाली आला तेव्हाच टिकारामने दोरी सोडली. मग अंकुशने पक्कड घेतली आणि शिडीवर चढून तार तोडली. वजन धाडकन खाली पडलं.

ते गोणपाटावर घेऊन कोपराच्या बेचक्यात धरून टिकाराम बाहेर आला, तर गेटवर चाळच्या चाळ लोटली होती. ज्यांनी दारं लावून घेतली होती तेही डबे घेऊन धावत आले होते. भोंगा इतका वेळ वाजला म्हणजे तडजोड झाली, उशीर केला तर नाव कटेल, असं त्यांना वाटलं. भय्याजी फाटक उघडून हसत उभे होते. चला चला, आत या, म्हणत होते.

विमलाबाई टिकारामच्या समोर आली. "काहून वाजवला?" तिने विचारलं.

 त्याने वजन तिच्या पायांपाशी टाकलं.

"फुटत होता," तो म्हणाला. "तुमी भिंतीले टेकून बसल्या होत्या."

विमलाबाई खाली वाकली. तिने वजनाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग त्या भिंतीकडे पाहिलं. ती वळून काही मोठं बोलेल असं वाटलं होतं, पण तिने पदर सावरला आणि ती वजनाशेजारी मांडी घालून खाली बसली. तिच्या मागे भिंतीजवळच्या बाया बसल्या. ज्याने मुनीमाचं नाव काढलं होतं तो हमाल बसला. डबे घेऊन आलेले लोक उभे राहिले. आत जावं, का परत जावं, त्यांना कळेना. फाटक उघडंच होतं.

"टिकाराम," भय्याजी म्हणाले, आता 'जी' नव्हतं, "उद्या खोली खाली कर."

डबेवाल्यांतून एक बाई पुढे आली. ती रुखमिणी होती. नवरा सकाळी डबा न घेता गेला होता, भोंगा ऐकून ती तो घेऊन आली होती. तिने मुनीमाकडे पाहिलं नाही. टिकारामला खांद्याला धरून खाली बसवलं आणि आपणही बसली. मग मागचे एकेक जण डबे मांडीवर घेऊन बसू लागले. सकाळी नव्हती इतकी माणसं झाली.

रुखमिणीने डबा उघडला. भात आणि लाखोरीची डाळ होती. टिकारामने हात पुढे केले तेव्हा तिला ते तळवे दिसले. कातडं सुटून आलं होतं.  खोलीचं काय, लग्नाचं काय, तिने काहीच विचारलं नाही. तिने भात कालवला.

"आ करा," ती म्हणाली.

साऱ्या गिरणीसमोर बायकोच्या हातून जेवायचं. टिकारामने आजूबाजूला पाहिलं. कोणी हसत नव्हतं. त्याला अजून भीती वाटत होती, उद्याची, पोलिसाची, मांडव कुठे पडेल याची. पहिला घास थोडा सांडला. तिने तो वेचून घेतला आणि दुसरा पुढे केला.