माझाच पुतळा मी विझवला

मित्रांनो, मी आग विझवणारा पंप आहे. ग्वायाकिल शहरातल्या एका चौदा मजली इमारतीच्या तळघरात, गाड्या लावतात त्याच्या मागच्या खोलीत मी राहतो. स्वस्थ बसणे माझ्या स्वभावात नाही. छतातले जितके फवारे उघडतील तितकाच मी वेग घेतो. एक उघडला तर हळू, दहा उघडले तर जोरात. तुमच्या पंख्याला असतो तसा रेग्युलेटर मलाही आहे, फक्त तो फिरवायला कोणी लागत नाही.

माझ्या आधीचा पंप एकच वेग जाणायचा. साधी चाचणी असली तरी जीव खाऊन धावायचा आणि खालच्या मजल्यांचे जुने पाइप फोडून ठेवायचा. म्हणून मला आणले. त्या दिवशी सगळी इमारत मला बघायला खाली उतरली होती. केवढा अभिमान वाटला होता मला!

तो अभिमान फार टिकला नाही. इमारतीची देखभाल करणाऱ्या हासिंताबाई दर शनिवारी दुपारी माझी चाचणी घेत. माझा आवाज कधी चढे, कधी उतरे, आणि पाइपांतून थेट पहिल्या मजल्यावर आब्दोनसाहेबांच्या झुल्यापर्यंत पोचे. आब्दोनसाहेब म्हणजे इमारतीचे कारभारी.

"अहो बाई, जुना निदान एका सुरात तरी ओरडायचा," ते जिन्यातून हाक देत. "याच्या काय पोटात दुखतंय?"

वर्षभर ज्याने छळले त्याचा पुतळा आमच्याकडे एकतीस डिसेंबरला रस्त्यावर जाळतात. त्या वर्षी इमारतीने चक्क माझा पुतळा केला. पुठ्ठ्याचा, लालभडक, पोटात भुसा आणि फटाके. आणि ठेवला कुठे? माझ्याच दाराबाहेर! माझ्या जिवाला सारखा घोर लागून राहिला.

वर्षाचा शेवटचा दिवस नेमका शनिवारी आला. पुतळा जाळताना एखादा पुरुष बाईचा वेश करून त्याची विधवा म्हणून खोटेखोटे रडतो; तो मान आब्दोनसाहेबांचा. काळा झगा, उंच टाचांचे बूट, डोळ्यांत काजळ, अशा थाटात ते दुपारीच तालमीला खाली आले. आल्याआल्या त्यांनी माझा खटका 'बंद'वर ओढला.

"साहेब, चाचणी नको तर नको," चाचणीसाठी आलेल्या हासिंताबाई म्हणाल्या, "पण बंद कशाला करताय?"

"मेलेल्यानं गुणगुणायचं नसतं, बाई. माझं रडं बिघडतं. उद्या करा चालू."

बाई पुटपुटत वर गेल्या.

थोड्याच वेळात रस्त्यावरचा एक पेटता फटाका उतारावरून घरंगळत आत आला आणि पुतळ्याने पेट घेतला. साहेब पळाले, पण बुटाची टाच मोडून दोन गाड्यांच्या मध्ये आडवे झाले. छतातले फवारे उघडले, पण त्यांतून नुसती लाळ गळली. बाहेर फटाके फुटत होते, साहेब खोकत होते आणि मी सगळे ऐकत जागच्या जागी खिळलो होतो. मित्रांनो, तो संताप मी अजून विसरलेलो नाही.

तोंडाला ओला टॉवेल लावून हासिंताबाई धुरात शिरल्या.

"उठ रे बाबा, उठ!" म्हणत त्यांनी खटका 'ऑटो'वर टाकला.

मी आधी दोन फवाऱ्यांपुरता वेग घेतला, मग चार, मग सहा. जुने पाइप कण्हले, पण फुटले नाहीत. वरून पाणी कोसळले आणि आग विझली.

काजळ हनुवटीपर्यंत ओघळलेल्या साहेबांना बाईंनी हात धरून उठवले.

"साहेब, शनिवारची चाचणी झाली बरं का."

साहेब रडू लागले. हे रडणे तालमीतले नव्हते.

त्या रात्री गल्लीतले सगळे पुतळे जळले, पण माझा चिंब पुतळा काही पेटेना. "जाऊ दे, याला मरायचंच नाही," असे म्हणून साहेबांनी काडेपेटी खिशात टाकली.

आता सगळ्यांना माझे फार प्रेम आले आहे. त्या प्रेमापोटी साहेबांनी तो अर्धवट जळका पुतळा माझ्याच खोलीत, मला खेटून उभा केला आहे. हासिंताबाई बहिणीकडे गेल्या आहेत. आल्या की त्या साहेबांना फैलावर घेतील, पण तोवर काय? माझा खटका 'ऑटो'वर आहे खरा, पण शेजारचा भुसा रोज थोडा थोडा वाळतो आहे, आणि तो पेटला तर आधी मीच जळेन. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी खाली आलात तर माझे कौतुक सावकाश करा. आधी हा बाहेर न्या!