बाराव्या पॅनलची बिजागरी

मित्रांनो, आपली जीवनकथा सांगणाऱ्याने पुष्कळ पावसाळे पाहिलेले असावेत, असा संकेत आहे. माझे वय अवघे चौदा महिने. तरीही सांगण्याजोगे काही माझ्यापाशी आहे, म्हणून हे धाडस करतो.

मी डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याजवळच्या एका दोन खोल्यांच्या घरात भिंतीवर राहणारा लहरदार फलक आहे. लोक मला पॅनल म्हणतात. आम्ही बारा भावंडे एका रांगेत उभी आहोत. त्यांत मी शेवटचा, स्वयंपाकघराच्या दाराजवळचा; आणि बारांमध्ये दारासारखा उघडणारा मी एकटाच.

आमचा जन्म ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात झाला. लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेल्या सपाट पाट्या, एवढेच आमचे मूळ रूप. मग यंत्राचे फिरते पाते अंगावरून गेले आणि ओहोटीनंतर खाडीच्या गाळावर पाणी जशी वळणे मागे ठेवते, तशा लहरी आमच्यावर उमटल्या. वर मोतिया रंग चढला. समोरून पाहिले तर आम्ही साधेच दिसतो. पण प्रकाश बाजूने आला की प्रत्येक लहरीला सावली फुटते आणि सारी भिंत जणू संथ श्वास घेऊ लागते. सपाट भिंतीला हे साधत नाही, असा मला तेव्हा थोडा गर्वही होता.

आम्हाला निवडले दर्शनाने. ती कोलशेतला राहते आणि तिथल्याच एका प्रयोगशाळेत काम करते. तिचे आईवडील, कांताबाई आणि चांगदेवराव, आठ दिवसांसाठी नाशिकला मुलाकडे, प्रेमकडे गेले होते. ते परतण्यापूर्वी बाहेरच्या खोलीचे रूप पालटून त्यांना चकित करावे, हा तिचा मानस होता. पंढरी नावाच्या कुशल सुताराने चार दिवसांत माझी अकरा भावंडे भिंतीवर चढवली. माझ्या जागी मात्र एक जुना पडदा लोंबत होता.

त्या पडद्यामागे काय आहे, हे दर्शनाला ठाऊक होते. निदान तिला तसे वाटत होते. चांगदेवराव कारखान्यात यंत्र चालवून घरी आले की संध्याकाळी मुलांना शिकवीत. त्यासाठी त्यांनी भिंतीचाच एक पट्टा काळा रंगवून फळा केला होता. प्रेम आणि दर्शनाच नव्हे, तर इमारतीतली कितीतरी मुले त्या फळ्यापुढे बसून पाढे शिकली. आता त्याचे काम संपले, असे समजून दर्शनाने तो झाकण्याचे ठरवले होते.

पाचव्या दिवशी सकाळी पंढरीने पडदा बाजूला सारला.

"ताई, या काळ्या रंगावर चिकटवलेलं टिकणार नाही. सगळं खरवडायला लागेल," तो म्हणाला. "आणि हे लिहिलेलं कोणाचं आहे? पुसू ना?"

खडूची ती अक्षरे ताजी होती. मोठी, थरथरती, ओळ सोडून खाली उतरलेली.

'माझे नाव कांता. माझ्या मुलीला भरीत आवडते. ती घाईत जेवते.'

त्याखाली चांगदेवरावांच्या वळणदार हस्ताक्षरात लिहिले होते, 'उत्तम. परतल्यावर मोठी वाक्ये.'

दर्शना खुर्चीवर बसली. मग हळूच म्हणाली, "पंढरीदादा, माझी आई आयुष्यभर म्हणत आली, चष्मा सापडत नाही, तूच वाच. शाळेची चिठ्ठी असो, लग्नपत्रिका असो. आम्ही तिला चिडवायचो, की आई, तू चष्मा हरवायलाच घेतेस."

"मग आता?"

"आता कळलं. बाबा आम्हाला शिकवायचे तेव्हा ती इकडे पाठ करून भाकऱ्या थापत असायची. सगळी इमारत शिकली, ती सोडून."

मित्रांनो, मी भिंतीला टेकून हे ऐकत होतो. तो फळा खरवडला तर कांताबाईंची शाळा सुरू होता होताच बंद पडणार होती. मला लावलेच नाही तर अकरा फलकांची ती भिंत अपुरी दिसली असती, आणि मुलीने सारे पाहिले हे आईला पहिल्याच क्षणी कळले असते. कांताबाईंनी इतकी वर्षे जपलेला संकोच उघडा न पाडता फळा राखायचा होता.

पंढरीने डोके खाजवले आणि माझ्याकडे बोट दाखवले. "याला बिजागऱ्या लावू. आतून चुंबक बसवतो. बंद असलं की बाकीच्यांसारखंच दिसेल. कोपरा दाबला की दार."

"आणि अक्षरं?"

"फुंकर पण मारत नाही. चहा तेवढा पाजा."

माझ्या कडेला तीन बिजागऱ्या बसल्या. छिद्रे पाडताना वेदना झाल्या, हे नाकारत नाही. पण अकरा भावंडांना केवळ भिंत लाभली, मला भिंत आणि विद्यालय दोन्ही लाभले. माझ्या अंगामागे फळा सुखरूप राहिला.

दुसऱ्या दिवशी आईवडील आले. शेजारच्या फळीवरील बुद्धमूर्तीपुढे दिवा लावलेला होता आणि त्याचा उजेड आमच्या लहरींवर पसरला होता. चांगदेवराव हात फिरवीत म्हणाले, "हे तर आमच्या घरचं वाटतच नाही." कांताबाईंची दृष्टी मात्र थेट माझ्यावर आली.

"इथला पडदा कुठे गेला गं?"

"धुवायला टाकलाय," दर्शना म्हणाली. "पण बाबांचा फळा मी हलवला नाही. त्यांना परत मुलं जमवायची हुक्की आली तर लागेल." तिने माझा कोपरा दाबला.

मी उघडलो. तिन्ही वाक्ये जशीच्या तशी होती. चांगदेवराव एकाएकी पंख्याकडे पाहू लागले. कांताबाईंनी पदर सावरला आणि विचारले, "तू वाचलंस?"

"कुठलं काय," दर्शना म्हणाली, "माझा चष्माच सापडत नव्हता."

चष्मा तिच्या नाकावर होता.

कांताबाई त्या चष्म्याकडे क्षणभर पाहत राहिल्या. मग त्यांना असे हसू फुटले, की त्यांना माझा आधार घ्यावा लागला. "लबाड आहेस, अगदी माझ्यावर गेलीस," त्या म्हणाल्या. "सर बाजूला. मीच वाचते."

आणि अक्षरावर बोट ठेवून, अडखळत, पण एकही शब्द न गाळता त्यांनी वाचले. 'ती घाईत जेवते' हे वाचताना त्यांचा स्वर थोडा दरडावणीचा झाला. त्या दिवशी दर्शना दोन तास जेवत होती.

आता रोज दुपारी मी उघडतो. लिहिण्यापूर्वी कांताबाई बोट सैल करण्यासाठी ते माझ्या एका लहरीवर वरून खाली फिरवतात. शेजारच्या मालनकाकू परवा 'भिंत बघायला' म्हणून आल्या आणि तासभर फळ्यासमोर बसून गेल्या; उद्याही भिंत बघायची आहे म्हणतात.

मित्रांनो, आम्हा लहरदार फलकांना धुळीचे भय फार. आम्हाला ओल्या फडक्याने घासू नका. कोरडा, मऊ कुंचला पुरेसा आहे. आणि कोणतीही भिंत झाकण्यापूर्वी तिच्यापाशी घरातले कोण बसते, हे विचारून घ्या. आमच्या घरी येऊन पाहाल तर अकरा फलक निर्मळ मोतिया दिसतील, आणि बाराव्याच्या लहरींत पांढरी पूड साचलेली असेल. कुंचला माझ्यावरून फिरतो, पण ती पूड पूर्णपणे निघत नाही. ती खडूची आहे. ती निघू नये, एवढीच माझी प्रार्थना आहे.