अप्पांनी घातलेली मांडी

निलंग्याच्या महादेवप्पांनी जमिनीच्या वाटण्या केल्या, त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवलं होतं की, आपल्याला श्वासाचं यंत्र लावायचं नाही आणि वेळ आली तर ठरवायचं ते लेकीनं, शिवकन्येनं. "रडशील तर रड, पण मागं सरू नको," असंही तिला बजावलं होतं.

लातूरच्या दवाखान्यात ती वेळ आली, तेव्हा भाऊ रविकिरण तिच्या पाया पडला. "अक्का, अप्पा हायत तर घर हाय." शिवकन्या मागं सरली. यंत्र लागलं.

दुपारी नर्सनं विचारलं, "आजोबांची मांडी कुणी घातली?" कुणीच घातली नव्हती. बेशुद्ध अप्पांचे पाय सरळ करून पट्ट्यांनी बांधले. बहीणभाऊ चहा पिऊन आले, तर गाठी तशाच होत्या आणि अप्पा पलंगावर पुन्हा मांडी घालून ताठ बसले होते. डोळे मिटलेले, डावा तळहात मांडीवर उघडा. लिंगायतांत माणूस गेला की मातीत असाच बसवतात, तळहातावर इष्टलिंग ठेवून.

अप्पांच्या गळ्यातलं इष्टलिंग दवाखान्यानं काढून दिलं होतं; शिवकन्येनं ते पर्समधून काढून त्या तळहातावर ठेवलं. "चुकले, अप्पा. डॉक्टर, काढा ते यंत्र."

यंत्र थांबलं. छाती थांबली. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली.

त्यानंतर अप्पांनी सावकाश मूठ मिटली.